बँकॉकला दुसऱ्यांदा जाताना: सहलीच्या बसमधून उतरून शहर पाहण्याची तयारी

महाराष्ट्रातून बँकॉकला पहिल्यांदा जाणारे बरेच जण सहल कंपनीबरोबर जातात. दोन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक, सफारी वर्ल्ड, रत्नांचं दालन, प्रातुनामजवळचं हॉटेल आणि रोज रात्री भारतीय जेवण. सहल छान होते, पण शहर मात्र बसच्या काचेतूनच दिसतं. पुढे कधीतरी स्वतःच्या हिमतीवर परत जायचं ठरतं, तेव्हा रस्ते ओळखीचे वाटतात आणि तरी एकही सापडत नाही. शिवाय जे आठवत असतं त्यातलं बरंच बदललेलं असतं. २०१९ नंतर या शहराच्या रेल्वेचा नकाशा जवळजवळ नव्याने आखला गेला, प्रवेशाचे नियम बदलले, मोठं रेल्वे स्थानकही दुसरीकडे गेलं. म्हणून दुसऱ्या खेपेची तयारी करताना जुनी माहिती आधी पुसून टाकावी. चव, वास, माणसांचा अगत्यशील स्वभाव एवढ्या आठवणी तेवढ्या विश्वासाच्या आहेत.

निघण्यापूर्वी

पूर्वी गेलेल्यांना व्हिसा ऑन अरायव्हलची लांब रांग, फोटो आणि २००० बाटची फी आठवत असेल. जुलै २०२४ मध्ये भारतीय पासपोर्टवर ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहण्याची मुभा मिळाली. ही मुदत सरकार अधूनमधून बदलतं, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावर न जाता तिकीट काढण्याच्या दिवशीच मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाचं पान उघडून पाहा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी.

विमानात वाटला जाणारा कागदी फॉर्मही आता नाही. १ मे २०२५ पासून त्याच्या जागी ऑनलाइन आगमन कार्ड आलं आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि तान्ह्या बाळासह प्रत्येकाचं वेगळं लागतं. पासपोर्ट क्रमांक, विमान क्रमांक आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता जवळ ठेवून बसलं की दहा मिनिटांचं काम. ते पूर्णपणे मोफत आहे. शोध घेतल्यावर वर दिसणारी काही संकेतस्थळं पैसे मागतात, ती सरकारी नव्हेत. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओ डॉट टीएच’ने संपतो. आपल्याकडच्या पासपोर्टांवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्या नावाबरोबर एकाच रकान्यात असतं. कार्डातही ते तसंच, त्याच क्रमाने भरा. ‘मधलं नाव’ म्हणून वेगळं काढलं की पासपोर्टशी मेळ बसत नाही आणि खिडकीवर वेळ जातो. शेवटी मिळणाऱ्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण उतरल्या उतरल्या इंटरनेट चालेलच असं नाही.

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते, मात्र याच थंडीच्या महिन्यांत आणि मार्चपर्यंत सूक्ष्म धुळीचं प्रदूषण वाढतं. दम्याचा त्रास असेल तर मास्क न्यावा. एप्रिलमध्ये उकाडा टोकाला जातो, आणि १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानमध्ये, म्हणजे थाई नववर्षाच्या सणात, रस्तोरस्ती पाणी उडवतात. ज्यांना भिजायचं नाही त्यांनी ते तीन दिवस टाळावेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जोरात असला, तरी शाकाहारी माणसासाठी सर्वांत चांगले दिवस याच काळात येतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस इथे शाकाहाराचा उत्सव असतो आणि तो बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राच्या जवळपासच पडतो. यावरातच्या चायनाटाउनमध्ये पिवळे झेंडे लागतात, एरवी मासळीशिवाय काही न विकणाऱ्या गाड्यांवरही शाकाहारी पदार्थ मिळतात. त्याच सुमारास सिलोम भागातल्या तमिळ लोकांनी बांधलेल्या श्री महामारिअम्मन देवळाचं नवरात्र असतं आणि दसऱ्याच्या रात्री देवीची मिरवणूक निघते. तारखा दोन्ही पंचांगांत पडताळून मगच तिकीट काढा.

विमानतळ ते शहर

मुंबईहून उड्डाण साधारण साडेचार तासांचं, आणि घड्याळ दीड तास पुढे करायचं. रात्रीची विमानं पहाटे उतरतात, हॉटेलची खोली मात्र दुपारी दोनला मिळते. सामान ठेवून घेतील का, हे हॉटेलला आधी विचारून पहिली सकाळ पदरात पाडून घ्या.

सुवर्णभूमी या मुख्य विमानतळावर आगमन दुसऱ्या मजल्यावर. पैसे तिथेच बदलू नका. थेट तळघरात, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्थानकाकडे उतरा. तिथल्या छोट्या खिडक्यांवर दर बराच चांगला मिळतो. रुपयाला मिळणारा दर डॉलरपेक्षा नेहमीच मागे असतो, म्हणून मोठी रक्कम डॉलरमध्ये नेणं फायद्याचं. नोटा कोऱ्या, न फाटलेल्या, मोठ्या किमतीच्या असाव्यात. एटीएममधून परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क जातं, म्हणून लहान लहान रकमा काढू नयेत. यंत्राने ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारलं तर नको म्हणा, त्यांचा दर वाईट असतो.

रेल लिंक पहाटे साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत चालते. फाया थाई या शेवटच्या स्थानकापर्यंत ४५ बाट आणि सुमारे अर्धा तास. मक्कासानला उतरलं की एमआरटी, फाया थाईला उतरलं की बीटीएस, या शहरातल्या दोन मेट्रो. दोघं असाल, सामान थोडं असेल, तर हाच मार्ग उत्तम. चार जण आणि चार बॅगा असतील तर टॅक्सी घ्या. पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी काढायची आणि तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी जायचं. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि टोल वेगळा. ही वरची रक्कम नियमातली आहे, तिच्यावरून वाद घालू नये. मात्र मीटरऐवजी ठरीव रक्कम सांगितली तर चिठ्ठी हातातच ठेवा आणि दुसरी गाडी घ्या. तक्रारीसाठी तीच चिठ्ठी लागते.

स्वस्त विमानं डॉन मुआंगला उतरतात. तिथून २०२१ पासून लाल मार्गिकेची रेल्वे क्रुंग थेप अभिवत या नव्या मोठ्या स्थानकाला जाते आणि तिथे एमआरटी मिळते.

एकाच जागेला दोन नावं

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. शहरात उंचावरून धावणारी बीटीएस आणि काही भागात जमिनीखालून जाणारी एमआरटी या वेगळ्या व्यवस्था आहेत. तिकीट वेगळं, फाटक वेगळं, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथल्या स्थानकांची नावंही बहुधा वेगळी. बीटीएसचं असोक तेच एमआरटीचं सुखुमवित. साला डेंग म्हणजे सिलोम. मो चित म्हणजे चतुचक पार्क. रेल लिंकचं मक्कासान म्हणजे एमआरटीचं फेत्चबुरी. या चार जोड्या कागदावर लिहून पाकिटात ठेवल्या तरी निम्मी वणवण वाचते.

एमआरटीच्या निळ्या मार्गिकेवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं संपर्करहित कार्ड थेट फाटकावर टेकवता येतं. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं, आणि आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. फोन आणि प्लास्टिक कार्ड यांची अदलाबदल केली की फाटक उघडत नाही. बीटीएससाठी रॅबिट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, घ्या. नोंदणीला पासपोर्ट लागतो. दोनच फेऱ्या असतील तर सुटं तिकीट पुरतं. यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

निळी मार्गिका २०२० मध्ये पूर्ण झाली. तिचा आकार इंग्रजी नवाच्या आकड्यासारखा आहे आणि था फ्रा स्थानकात ती स्वतःलाच छेदते. त्यामुळे ‘निळी गाडी’ एवढं पाहून चढू नका. फलाटावर लाक सोंग लिहिलंय की था फ्रा, ते वाचा. था फ्राला वरचा आणि खालचा असे दोन फलाट आहेत, घाईत चुकीचा पकडला तर शहराला वळसा घालून परत यावं लागतं.

लांबच्या रेल्वेने पुढे चियांग माईला किंवा दक्षिणेला जायचं असेल तर आठवणीतल्या हुआ लाम्फोंग स्थानकावर जाऊ नका. १९ जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अभिवतहून सुटतात. जुन्या स्थानकातून काही साध्या गाड्या अजून निघतात, म्हणून तिकिटावरचं स्थानकाचं नाव दोनदा वाचा.

मुक्काम कुठे

पहिल्या वेळचं प्रातुनाम पुन्हा घेऊ नका. भारतीय उपाहारगृहं जवळ असतात हे खरं, पण तिथे वाहतूक तुंबते आणि स्थानकापर्यंत सामान ओढत जावं लागतं. दुसऱ्या खेपेला निळ्या मार्गिकेवरच्या साम योत किंवा वात मांगकोनच्या पाच मिनिटांच्या परिघात राहावं, असं आमचं ठाम मत आहे. जुनं शहर, चायनाटाउन आणि फाहुरातचा भारतीय बाजार तिथून पायी अंतरावर येतात. लहान मुलं बरोबर असतील आणि मॉल, बागा जवळ हव्या असतील तर असोक. सकाळचं परतीचं विमान असेल तर शेवटची रात्र फाया थाईला काढावी.

हॉटेल निवडताना नकाशावरचं सरळ अंतर मोजू नका. इथल्या गल्ल्यांना ‘सोय’ म्हणतात आणि पुष्कळ सोय दुसऱ्या टोकाला बंद असतात. नकाशावर जे तीनशे मीटर दिसतं ते चालताना दीड किलोमीटर निघू शकतं. चालण्याचा मार्ग उघडून मिनिटं पाहा. सोयचे क्रमांक रस्त्याच्या एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम असतात, पण ते समोरासमोर येत नाहीत. सुखुमवितवर सोय ५५च्या साधारण समोर ५४ नव्हे, ३८ येते. टॅक्सीवाल्याला नुसता क्रमांक सांगून उपयोग नाही, जवळच्या स्थानकाचं नाव सांगा आणि पत्ता थाई लिपीत दाखवा. सोयच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले उभे असतात. आतल्या अंतरासाठी ते सोयीचे, पण हेल्मेट मागून घ्या.

पहिला पूर्ण दिवस: नदीचा काठ

सकाळी आठला सनाम चाय स्थानकातून बाहेर पडा. २०१९ मध्ये हे स्थानक सुरू होईपर्यंत राजवाड्याच्या परिसरात रेल्वेने येण्याची सोयच नव्हती. स्थानकाचं छत आणि खांब राजसभेसारखे सजवलेले आहेत, तिथे दोन मिनिटं थांबावं. वात फो (‘वात’ म्हणजे देऊळ) आठला उघडतं, तिकीट ३०० बाट. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध तेव्हा गर्दीशिवाय पाहता येतो. सहलींच्या बसगाड्या यायला लागल्या की पावलांजवळचं शिंपल्यांचं जडावकाम दिसणं कठीण होतं.

राजवाडा पहिल्या वेळी पाहिला असेल तर पुन्हा ५०० बाट खर्च करण्याची गरज नाही. जायचंच असेल तर साडेआठला दारात हजर राहा, दुपारी साडेतीनला तिकीट खिडकी बंद होते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, फाटक्या फॅशनची जीन्स चालत नाही. परिसरात कुणी सद्गृहस्थ जवळ येऊन ‘आज राजवाडा बंद आहे, ही रिक्षा तुम्हाला दुसरी देवळं वीस बाटमध्ये दाखवेल’ असं म्हणाले, तर हसून मान हलवा आणि चालत राहा. ती रिक्षा शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात थांबते, कारण रिक्षावाल्याला दुकानाकडून दलाली मिळते. राजघराण्याच्या कार्यक्रमांसाठी राजवाडा काही वेळा खरोखर बंद असतो. ते फाटकावरच्या फलकावरून आणि राजवाड्याच्या अधिकृत पानावरून कळतं.

वात फोच्या मागे था तिएनचा धक्का आहे. पाच बाटमध्ये नाव पलीकडे वात अरुणला सोडते. हो, तोच आपला अरुण. तिथल्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, उतरताना कठडा धरून, शक्यतो आडवे उतरा. अकरापर्यंत परत या, कारण बारा ते तीन उन्हात फिरण्यात काही अर्थ नाही.

पुढे था तिएनहून नारिंगी झेंड्याची बोट पकडा. भाडं १६ बाट, कुठेही उतरा. निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट महाग असते. विशेषतः साथोर्न धक्क्यावर परदेशी चेहरा दिसला की त्याच रांगेकडे बोट दाखवलं जातं, म्हणून ‘नारिंगी झेंडा’ असं स्पष्ट विचारा. बोट धक्क्याला जेमतेम अर्धा मिनिट टेकते. शिट्टीच्या आधीच दाराशी उभे राहा. राचावोंगला उतरलात की सांपेंगची गल्ली. मनीष मार्केटला सरावलेल्यांना इथे घरच्यासारखं वाटेल: मणी, पिना, रिबनी, पिशव्या, सगळं घाऊक. तीन किंवा सहा नग घेतले की भाव उतरतो. संध्याकाळी पाचनंतर दुकानं आवरायला लागतात.

गल्ली सरळ चालत गेलं की फाहुरात लागतं. कापडाची दुकानं, मिठाई, मसाले आणि सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा. तिथून दहा मिनिटांवर पाक ख्लोंगचा फुलबाजार, जो दिवसरात्र चालू असतो पण रंगतो रात्रीच. झेंडूच्या राशी, पाकळ्या आत दुमडलेली कमळं, आणि मोगऱ्याचे नाजूक गजरे, ज्यांना ‘फुआंग मालाय’ म्हणतात. मालाय म्हणजे माळच. तिथून सनाम चाय पुन्हा पाच-सात मिनिटांवर.

बाकीचे दिवस

सेन सेप कालव्यातली बोट म्हणजे ट्रॅफिकवरचा उतारा. प्रातुनामला बोट बदलावी लागते. पश्चिमेचा शेवटचा धक्का फान फा, तिथून सोन्याच्या टेकडीवरचं वात साकेत जवळच. बसताना कडेची जागा टाळा. समोरून बोट आली की पाणी उडतं आणि ते पाणी स्वच्छ नाही. कडेला बसावं लागलंच तर दोरी ओढून ताडपत्री वर करा.

आठवडी चतुचक बाजार शनिवार-रविवारी. बीटीएसने जाण्यापेक्षा एमआरटीच्या काम्फेंग फेतला उतरा, थेट बाजारातच बाहेर पडता. २७ विभाग आहेत, आवडलेलं दुकान पुन्हा सापडत नाही. पाटीवरचा विभाग आणि दुकान क्रमांक यांचा फोटो काढून ठेवा, चुकामूक झाली तर घड्याळाच्या मनोऱ्यापाशी भेटायचं ठरवा. समोरच्या ओर तोर कोर मंडईत फळं महाग पण अव्वल असतात.

बेन्चाकिती उद्यान पहिल्या वेळी तुम्ही पाहिलेलं नसणार. जुन्या तंबाखू कारखान्याच्या जागेवर पाणथळ जंगल उभं करून ते २०२२ मध्ये खुलं झालं. उंचावरून जाणारी पायवाट, पक्षी, आणि चहूबाजूंना इमारती. प्रवेश मोफत, स्थानक क्वीन सिरिकित. संध्याकाळी साडेपाचला जा.

शाकाहारी पोटाची व्यवस्था

अडचण मांसाची नसते, ते दिसतं. न दिसणारे तीन पदार्थ घात करतात: ‘नाम प्ला’ म्हणजे माशांचं पाणी, ‘कापी’ म्हणजे कोळंबीची पेस्ट, आणि ‘नाम मान होय’ म्हणजे कालवांचा सॉस. भाजी निव्वळ भाज्यांची असली तरी यातलं काहीतरी पडलेलं असतं. हिरव्या-लाल करीच्या वाटणात कापी आधीच असते, त्यामुळे ‘मांस घालू नका’ म्हटल्याने ती शाकाहारी होत नाही.

म्हणून शब्द अचूक हवा. ‘मांगसाविरात’ म्हणजे मांसविरती, पण त्यात अंडं-दूध चालतं. ‘चे’ (च आणि ज यांच्या मधला उच्चार) म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ही खूण असते, तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. जैन मंडळींना कांदा-लसणाचा प्रश्न इथे सुटतो, मात्र बटाटा, गाजर, मुळा असू शकतो. वाक्य सोपं: पुरुषांनी ‘फोम किन चे ख्रप’, बायकांनी ‘दिचान किन चे खा’. एखादी वस्तू नको असेल तर ‘माई साई’ म्हणून तिचं नाव घ्यायचं. ‘माई साई नाम प्ला’ म्हणजे नाम प्ला घालू नका.

इंग्रजी बोलणारे जिथे हमखास अडखळतात तिथे मराठी जीभ कामाला येते. ‘खाइ’ म्हणजे अंडं आणि ‘काइ’ म्हणजे कोंबडी. क आणि ख यांतला फरक आपल्याला जन्मापासून येतो, तो तिथे स्पष्ट वापरा. तिखटासाठी ‘फेत नित नॉय’ म्हणजे थोडंसंच तिखट. कोल्हापूरकरांनीही पहिल्या दिवशी हेच म्हणावं, कारण तिथली बारीक मिरची वेगळ्या जातीची आहे.

पपईच्या सोम तामात सुकी कोळंबी कुटून घालतात, ‘माई साई कुंग हेंग, माई साई नाम प्ला’ असं कुटायला सुरुवात होण्याआधी सांगा. आंबा आणि चिकट भात निर्धास्त खा, एप्रिल-मे हा त्याचा खरा हंगाम. मॉलमधल्या फूड कोर्टात आधी कार्डात पैसे भरायचे आणि उरलेले निघताना परत घ्यायचे. बहुतेक ठिकाणी एक ‘चे’ची खिडकी असते, पण तिथले पदार्थ दुपारीच संपतात. एकच्या आत जेवा.

परतताना

एका दुकानात एका दिवशी २००० बाट किंवा जास्त खरेदी केली तर कर परत मिळू शकतो. पिवळा फॉर्म दुकानातच, पासपोर्ट दाखवून भरून घ्यावा लागतो, नंतर मिळत नाही. विमानतळावर बॅग विमान कंपनीकडे देण्याआधी कस्टम्सच्या खिडकीवर जा, माल पाहायला मागू शकतात. बॅग गेल्यावर तिथे पोहोचणाऱ्यांचे पैसे बुडू शकतात. करीची पेस्ट, सॉस, मध हे सगळं मोठ्या बॅगेत. बुद्धाची मोठी किंवा जुनी मूर्ती बाहेर नेण्यासाठी थाई ललित कला विभागाची परवानगी लागते. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, जातानाही नेऊ नका.

आणि एक अत्यंत गंभीर गोष्ट. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर वारंवार गांजा सापडतो. ‘माझी एवढी पिशवी नेता का, घरचे घ्यायला येतील’ असं मराठीत, गोड बोलून कुणी विचारलं तरी नकार द्या. बॅग स्वतः भरा, कुलूप लावा, आणि खाऊचं बंद पाकीटसुद्धा दुसऱ्याचं घेऊ नका. भारतातला अमली पदार्थांचा कायदा पिशवी कुणाच्या ताब्यात होती ते आधी पाहतो.